एमआयडीसीजवळच्या गोठ्यातलं दूध केमिकलसाठी कसं तपासत राहायचं

आपल्या सोलापूर जिल्ह्यात चिंचोळी एमआयडीसी घ्या, अक्कलकोट रोड घ्या नाहीतर टेंभुर्णीकडचा पट्टा घ्या, कारखान्यांच्या आसपास मका आणि हत्ती गवत उभं असतंय आणि तिथंच कुणाच्या तरी दोन-चार एचएफ (होल्स्टिन) गाई, एखाददुसरी पंढरपुरी म्हैस बांधलेली असते. त्या भागातली माणसं एकच विचारतात, दूध लॅबला देऊन बघू का? द्या की. पण काय शोधायचंय हे न ठरवता एक बाटली नेऊन दिली तर पैसे जातात आणि हातात "सगळं ठीक" असा कागद येतो, आणि मग तोच कागद पुढं वर्षानुवर्षं तुमच्यासमोर धरला जातो की बघा, तुम्हीच तपासलं होतं ना. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, गावातल्या चार पोरांना आणि दूध संस्थेच्या सेक्रेटरीला मिळून करता येईल असं.

आधी एक घोळ मिटवू. भेसळ वेगळी आणि हे वेगळं. युरिया, डिटर्जंट, पाणी हे माणूस दुधात घालतो. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय ते चाऱ्या-पाण्यातून जनावराच्या पोटात जातं आणि तिथनं दुधात येतं, शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. संकलन केंद्रावरचं फॅट-एसएनएफचं (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मशीन, लॅक्टोमीटर, घरी वापरायचं भेसळीचं किट, यातलं काहीही शिसं किंवा डायऑक्सिन दाखवत नाही. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागलं म्हणजे दर बसला, दूध केमिकलपासून मोकळं आहे असं त्यातनं कळत नाही. एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते, त्यात भेसळीचे निघाले १२, पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेच्या वर होतं, म्हणजे बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून आलेलं विष. चाऱ्याची वाट किती मोठी आहे हे त्यावरून कळतं, आणि कारखान्याचं केमिकलही बहुतेक वेळा त्याच वाटेनं येतं.

कुठलं केमिकल दुधात उतरतं, कुठलं नाही

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे.

काही केमिकल चरबीत विरघळतात. डायऑक्सिन, फ्युरान, पीसीबी, डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं. ही पाण्यात विरघळत नाहीत, हवेतून येऊन पानावर, मातीवर बसतात, जनावर चरताना गवताबरोबर थोडी माती पण खातं, आणि मग ती त्याच्या चरबीत साठत जातात. दुभत्या जनावराच्या अंगातून ती बाहेर पडायचा मोठा रस्ता म्हणजे दुधाचं फॅट. म्हणून यांच्यासाठी दूध तपासणं एकदम बरोबर. ही येतात कुठनं तर प्लास्टिक, पीव्हीसी, टायर, कचरा जाळला की, वायरीतलं तांबं काढायला वायरी पेटवल्या की, काही भट्ट्यांमधून, आणि पीसीबी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ऑइलमधून. ज्या गावाशेजारी रात्री भंगारवाल्यांची वायर जाळणं चालतं त्या गावानं मोठ्या चिमणीपेक्षा आधी त्या उघड्या जाळाकडं बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

धातूंचं वेगळं. शिसं दुधात येतं, पण जनावर जेवढं खातं त्यातला अगदी थोडाच भाग, बाकीचं हाडं, लिव्हर, किडनी इकडं जातं. कॅडमियम तर मुख्यतः किडनी आणि लिव्हरमध्येच बसून राहतं, दुधात फार कमी. क्रोमियमचंही दुधात उतरणं नगण्यच. फ्लोराइड हाडात आणि दातात जातं, दुधात फारसं दिसत नाही, पण जनावराचे दात डागाळतात, झिजतात, ते लंगडायला लागतं. म्हणजे कॅडमियमसाठी किंवा फ्लोराइडसाठी दूध तपासून "काही नाही" असा रिपोर्ट आला तरी चारा, पाणी, जनावर सुखरूप आहे असं अजिबात नाही. तिथं पाणी तपासा, माती तपासा, जनावराचे दात डॉक्टरांना दाखवा.

तिसरा प्रकार पीएफएएस नावाचा, पाणी आणि तेल धरू नये म्हणून कापडाला, कागदाला जे फिनिश देतात त्यात आणि आग विझवायच्या फोममध्ये असलेली केमिकल. ही फॅटला न चिकटता प्रोटीनला चिकटतात आणि दुधात येतात. अमेरिकेत मेन राज्यात २०१६ मध्ये एका डेअरी फार्मच्या दुधात ही सापडली, कारण शेतात वर्षानुवर्षं खत म्हणून सांडपाणी प्रकल्पाचा गाळ टाकलेला होता. आपल्याकडं सुद्धा "फुकट खत आहे, घेऊन जा" म्हणून ट्रॅक्टर भरून गाळ येतो, तर तो कुठल्या प्लांटचा आहे आणि त्यात काय आहे हे कागदावर मिळाल्याशिवाय चाऱ्याच्या रानात टाकू नका. फुकट मिळतंय म्हणून घेतलेला गाळ रानातनं परत काढता येत नाही.

जगात हे कसं कसं घडलं हे पण थोडं माहीत असावं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आग प्रतिबंधक केमिकलची पोती चुकून पशुखाद्यात मिसळली गेली आणि हजारो जनावरं मारावी लागली. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये बोल्सओव्हर गावाजवळ एका केमिकल कारखान्याशेजारच्या फार्मच्या दुधात डायऑक्सिन जास्त निघालं आणि विक्री थांबवली. २००८ मध्ये इटलीत कांपानिया भागात म्हशीच्या दुधात मर्यादेपेक्षा जास्त डायऑक्सिन सापडलं, मोझरेला चीज ह्याच दुधाचं, तिथं बेकायदा कचरा जाळायचा प्रश्न कित्येक वर्षं होता. तिन्ही ठिकाणी दुधाची चव, रंग, वास यात गिऱ्हाइकाला काही जाणवण्यासारखं नव्हतं.

तुमच्या गावाशेजारी नक्की काय आहे ते आधी काढा

लॅबला जायच्या आधी पंधरा दिवस ह्यात घाला. कारखान्याच्या गेटबाहेर एक बोर्ड असायला पाहिजे, त्यावर कुठला घातक कचरा तयार होतो, सांडपाणी किती, हवेत काय सोडलं जातं हे लिहायचं असतं, त्याचा फोटो काढा. बोर्ड नसेल, कोरा असेल किंवा पुसलेला असेल तर तसाच फोटो काढा, तोही कामाला येतो. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायचं काय: त्या युनिटचं संमतीपत्र, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात, त्याच्या अटी, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं पर्यावरण विवरणपत्र, आणि घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण. "प्रदूषणाची सगळी माहिती द्या" असं मोघम लिहू नका, कागदाचं नाव आणि वर्ष लिहा, नाहीतर उत्तर पण मोघमच येतं.

त्यातनं तुम्हाला दिशा मिळेल. डाईंग किंवा प्रोसेस हाऊस असेल तर रंगाचं पाणी, मीठ, धातू, तिथं विहीर, बोअर आणि ओढा पहिला, दूध नंतर. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी असेल तर शिसं, दूध पण आणि जनावराचं रक्त पण. साखर कारखाना आणि डिस्टिलरी असेल तर लोक सगळ्यात जास्त तक्रार मळीमिश्रित पाण्याची करतात आणि ते बरोबरच आहे, पण त्याचा मार मुख्यतः पाण्याला बसतो, विहिरीचं पाणी लालसर काळं होतं, वास येतो, जनावर तोंड लावत नाही, दूध घटतं, त्यामुळं तिथं आधी पाणी तपासायला पैसे घाला. कोळशाची राख उडत असेल तर चाऱ्यावर बसलेली राख बघा, त्यात आर्सेनिक, पारा, फ्लोराइड असू शकतं.

मग एक नकाशा काढा. मोबाइलवरचा मॅप चालतो. कारखाना, नाला, जाळायच्या जागा, विहिरी, गोठे, चाऱ्याची रानं. लक्षात ठेवा, गोठा कुठं आहे ह्यापेक्षा चारा कुठनं येतो हे महत्त्वाचं. गोठा कंपाउंडला चिकटून असेल पण कडबा मंगळवेढ्याहून येत असेल आणि पाणी टाकीचं असेल तर त्या जनावराला कदाचित फार काही नसेल, आणि पाच किलोमीटर लांबचा माणूस नाल्याकाठचं गवत कापून नेत असेल तर त्याच्याकडं सापडेल. म्हशींचं अजून एक बघायचं, त्या नाल्यात डुंबतात, तेच पाणी पितात, उन्हाळ्यात तर दिवस दिवस तिथंच असतात.

वारं पण बघा. आपल्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिम-नैऋत्येकडून येतं, थंडीत साधारण पूर्व-ईशान्येकडून. म्हणजे पावसाळ्यात धुराडं ज्यांच्या अंगावर येतं ते गोठे वेगळे आणि डिसेंबरात येतं ते वेगळे. एकाच बाजूचे गोठे निवडून बसला तर निम्मं वर्ष हातातनं जातं.

गोठे निवडणं आणि वेळ

वाऱ्याखालचे दोन-तीन, नाल्याकाठचा चारा घालणारे दोन-तीन, आणि एक-दोन तुलनेचे, म्हणजे तशीच जनावरं, तसाच खुराक, पण कारखान्यापासून चांगले लांब आणि दुसऱ्या पाणलोटातले. ही तुलनेची बाटली लोक पैसे वाचवायला म्हणून सोडून देतात आणि तिथंच सगळं फसतं, कारण तुमच्या गावात शिसं सापडलं तर समोरचा लगेच म्हणणार की हे तर सगळ्या जिल्ह्यात असंच असतंय. लांबच्या गोठ्याचा आकडा शेजारी असला की बोलणं संपतं.

नमुना गोठ्यातनं घ्यायचा, संकलन केंद्राच्या कॅनमधनं किंवा बल्क कूलरमधनं नाही. तिथं शंभर घरचं दूध एकत्र झालेलं असतंय, दोन गोठ्यांतलं केमिकल त्यात विरून जातं. आणि डायऑक्सिनची टेस्ट फार महाग पडते, प्रत्येक गोठ्याची करणं गावाला झेपणार नाही, म्हणून वाऱ्याखालच्या सगळ्या गोठ्यांच्या बाटल्या वेगवेगळ्याच द्या पण लॅबला सांगा की समान भाग घेऊन एक एकत्र नमुना करा आणि उरलेलं दूध फ्रीझ करून ठेवा. एकत्र नमुन्यात काही आलं तर मग एकेक उघडायचं.

एकदा तपासून नजर ठेवणं होत नाही. वर्षातनं निदान तीन वेळा: गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, हंगामाच्या मध्यावर जानेवारीच्या सुमाराला जेव्हा जनावरांपुढं उसाचं वाढं पडलेलं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये जेव्हा हिरवा चारा संपतो, विहिरी तळाला जातात, टँकर सुरू होतो आणि माणूस नाइलाजानं मिळेल ते पाणी आणि मिळेल ते गवत जनावराला देतो. त्या मे महिन्याचा नमुना कधीच चुकवू नका. पावसाळ्यात जमलं तर चौथा.

जनावर निवडताना वेत, म्हणजे कितव्यांदा व्यायलंय ते, आणि व्यायलेली तारीख लिहा. चरबीत साठणारी केमिकल पहिल्या वेताच्या गाईत जास्त निघू शकतात, कारण कालवड असल्यापासून साठलेलं सगळं पहिल्यांदाच बाहेर पडत असतं. नुकती व्यायलेली गाय अंगावरची चरबी मोडून दूध देते तेव्हाही तेच. म्हणून दोन गोठ्यांची तुलना करायची तर जनावरं जवळपास सारख्या वेताची आणि सारख्या महिन्याची पाहिजेत.

बाटली आणि धार

बाटली लॅबकडनंच मागून घ्या. पाण्याची रिकामी बाटली, लोणच्याची बरणी, औषधाची बाटली काही चालत नाही, घासून धुतली तरी नाही. शिसं आणि बाकी धातूंसाठी ॲसिडनं धुतलेली प्लास्टिकची बाटली लागते. डायऑक्सिन, पीसीबी, कीटकनाशक यांच्यासाठी काचेची, सॉल्व्हंटनं धुतलेली, झाकणाला टेफ्लॉन किंवा फॉइल. आणि पीएफएएससाठी उलटं, टेफ्लॉन अजिबात नको, कारण तेच त्या घराण्यातलं आहे, तिथं साधी पॉलिप्रॉपिलिनची बाटली. किती दूध लागेल ते लॅबच सांगेल, धातूंना पाव लिटर पुरतं, डायऑक्सिनला लिटरभर धरून चला.

धार काढताना कास स्वच्छ पाण्यानं धुवा, पुसा, स्टीलच्या बादलीत काढा. पितळेची चरवी, कल्हई केलेलं भांडं, पत्र्याचा गॅल्व्हनाइज्ड डबा यातनं धातू दुधात उतरतो आणि मग कारखान्याच्या नावानं तुमच्या भांड्याचं शिसं सापडतं. पूर्ण धार काढून झाल्यावर सगळं दूध स्टीलच्या पळीनं वरखाली नीट ढवळायचं आणि मग बाटली भरायची, कारण पहिल्या धारेत फॅट कमी असतं आणि शेवटच्या धारेत जास्त, आणि आपलं अर्धं केमिकल फॅटमध्येच आहे. सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांचं मिळून घेतलं तर उत्तम. बिडी-सिगारेट लांब, हाताला तेल, डिझेल, झेंडू बाम काही लावलेलं नको, ट्रॅक्टर चालू ठेवून शेजारी बाटली भरू नका.

दूध टिकावं म्हणून काही घालायचं असेल तर लॅबला विचारल्याशिवाय नाही. डेअरीत नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेटची गोळी टाकायची सवय असते, त्यात क्रोमियम आहे, म्हणजे तुमची क्रोमियमची टेस्ट तिथंच बाद. साधं बर्फ वापरा, थर्माकोलच्या बॉक्समध्ये, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. लांब पाठवायचं असेल तर फ्रीझ करा, पण बाटली काठोकाठ भरू नका, गोठलं की फुगतं आणि काच तडकते.

दोन गोष्टी ज्या फार कमी लोक करतात आणि ज्यांनी रिपोर्टला वजन येतं. एक, लॅबनं दिलेल्या शुद्ध पाण्याची बाटली गोठ्यावर न्या, तिथं उघडून दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओता आणि तीही तपासायला द्या. त्यात शिसं निघालं तर ते हवेतनं, हातातनं किंवा बाटलीतनं आलंय, दुधातनं नाही. दोन, एकाच बादलीतलं दूध दोन बाटल्यांत भरून वेगवेगळे कोड देऊन पाठवा. दोन आकडे जवळपास आले तर लॅबवर भरवसा ठेवा, फार फरक आला तर आधी लॅबशी बोला.

बाटलीवर शेतकऱ्याचं नाव नको. कोड टाका, आणि कोड कुणाचा ते एका वहीत, जी एकाच जबाबदार माणसाकडं राहील. त्या वहीत तारीख, वेळ, जनावराचा टॅग नंबर, वेत, मागच्या आठवड्यात काय खाऊ घातलं, पाणी कुठलं, वारं कुठनं होतं, आसपास काय जळत होतं का, हे सगळं. नावं मोबाइलवर ग्रुपात गेली की दुसऱ्या दिवशी त्या घरचं दूध कुणी घेत नाही, आणि ज्याचा काही दोष नाही तो माणूस आधी बुडतो. पुढच्या वेळी मग कुणीच नमुना देत नाही. माझ्या दृष्टीनं ही नावांची काळजी लॅबच्या मशीनइतकीच महत्त्वाची आहे.

चारा, पाणी, माती

दुधाच्या जोडीला हे घ्याच, नाहीतर दुधात सापडूनही आलं कुठनं ते सांगता येत नाही. चारा जनावराच्या तोंडासमोर जसा पडतो तसाच घ्या, धुवू नका, झटकू नका. कडब्याच्या गंजीचा बाहेरचा थर वेगळा आणि आतला वेगळा घ्या, बाहेरच्या थरात धूळ-राख जास्त आणि आत कमी निघाली तर हवेतनं आल्याचा चांगला पुरावा झाला. सरकी पेंड, भुसा, गोळी पेंड यांचा एक नमुना वेगळा, कारण शिसं विकत आणलेल्या खुराकातनं, मिनरल मिक्श्चरमधनं पण येऊ शकतं आणि कारखान्यावर बोट दाखवायच्या आधी ते तपासलेलं बरं. माती वरच्या थराची, बोटभर खोलीची, रानात पाच-सात ठिकाणची मिसळून. पाण्यासाठी जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, मातीला कृषी खात्याची माती चाचणी प्रयोगशाळा आणि मोहोळ, सोलापूरची कृषी विज्ञान केंद्रं आहेत, पण जाताना विचारून जा की धातूंची टेस्ट होते का, नेहमीच्या माती परीक्षणात ती नसते.

एक साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पीएच पट्ट्या घेऊन ठेवा. महिन्यातनं एकदा त्याच विहिरीचं, त्याच वेळी, वहीत लिहायचं. त्यातनं केमिकलचं नाव कळत नाही, पण आकडा एकदम उडाला तर लॅबला कधी धावायचं ते कळतं.

लॅब आणि रिपोर्ट

लॅब एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मान्यतेची पाहिजे, आणि नुसती मान्यता बघून चालत नाही, त्यांच्या मान्यतेच्या यादीत "दूध" आणि तुमचं केमिकल हे दोन्ही एकत्र आहे का ते बघा. पाण्यातल्या शिशाची मान्यता आहे म्हणून दुधातल्या शिशाची असतेच असं नाही. गुजरातेत आणंदला एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) काफ नावाची लॅब दूध आणि पशुखाद्य दोन्हीचं काम करते. डायऑक्सिन मोजणाऱ्या लॅब देशात मोजक्या, तिरुवनंतपुरमच्या एनआयआयएसटी संस्थेत त्याची खास प्रयोगशाळा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, पैसे भरायच्या आधी विचारायचा: तुमचं मशीन कमीत कमी किती मोजू शकतं? ह्याला एलओक्यू म्हणतात. दुधात शिशाची आपल्याकडची कमाल मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. लॅबचं एलओक्यू ०.०५ असेल तर दुधात ०.०४ म्हणजे मर्यादेच्या दुप्पट शिसं असलं तरी रिपोर्टवर "आढळलं नाही" असंच येणार. असले रिपोर्ट फार फिरतात. एलओक्यू मर्यादेच्या निम्म्याहून खाली पाहिजे, दहाव्या हिश्श्याला असेल तर अजून छान, आणि आयसीपी-एमएस नावाच्या, अगदी बारीक प्रमाणातला धातू मोजणाऱ्या मशीनवर ते होतं.

डायऑक्सिनचा आकडा दुधाच्या फॅटच्या प्रति ग्रॅमला देतात, पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. युरोपात २०२३ पासून दुधाला डायऑक्सिन-फ्युरानची मर्यादा फॅटच्या ग्रॅमला २ पिकोग्रॅम आहे, आणि डायऑक्सिनसारखे पीसीबी धरून ४. तुलनेला हेच आकडे घ्या. आणि फॅट टक्का त्याच रिपोर्टवर मागून घ्या, कारण म्हशीच्या दुधात फॅट ७ आणि गाईच्या ३.५ असेल तर फॅटमागे आकडा सारखा असूनही म्हशीच्या लिटरभर दुधातनं पोटात दुप्पट जातं. तूप, लोणी, खवा यात ते अजून दाट होतं. दूध उकळून यातलं काहीच जात नाही, हे घरातल्या बायकांना आवर्जून सांगा, कारण उकळलं की झालं असंच सगळ्यांना वाटतं.

सापडलं तर

पहिल्यांदा त्या शेतकऱ्याला, घरी जाऊन, समजावून. मग लगेच दुसरा नमुना. तोपर्यंत लहान पोरांना आणि पोटुशी बाईला त्या गोठ्याचं दूध देऊ नका. आकडा पक्का झाला तर ते दूध केंद्रावर घालणं थांबवायचं, आणि त्या दिवसांचे पैसे त्या घराला कुठनं द्यायचे हे संस्थेनं नमुने घ्यायच्या आधीच ठरवून ठेवायचं. हे ठरवलं नसेल तर तपासणी सुरूच करू नका, मी तर एवढं म्हणेन.

मग अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. तुमचा खाजगी रिपोर्ट कोर्टात थेट चालेलच असं नाही, अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करतात आणि अन्न विश्लेषकानं १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, तो खरा कायद्याचा कागद. गिऱ्हाइकाला सुद्धा अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार फी भरून अन्न विश्लेषकाकडनं तपासून घेता येतं, फक्त विकत घेतानाच विकणाऱ्याला सांगावं लागतं. आणि गोठ्यातल्या शेतकऱ्याला घाबरवू नका, त्याच कायद्यात कलम १८ मध्ये शेतकरी आणि त्याचं पशुधन यांना वेगळं ठेवलेलं आहे. प्रदूषण मंडळाला त्याच दिवशी दुसरं पत्र, पाण्या-चाऱ्याच्या आकड्यांसह, नकाशासह, आणि आम्हाला सोबत घेऊन नमुने घ्या अशी स्पष्ट मागणी करून.

जनावर आजारी दिसत असेल, वासरू आंधळ्यागत भिंतीला डोकं लावून उभं राहतंय, दात खातंय, झटके येतायत, तर शिशाची शंका धरा आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा किंवा तालुक्याच्या दवाखान्यात न्या, रक्ताचा नमुना डॉक्टरांनीच घ्यायचा. मेलेलं जनावर तपासणीआधी पुरू नका, लिव्हर आणि किडनीत जे कळतं ते दुधात कधीच कळत नाही.

गोठ्यात लगेच करायचं म्हणजे नाल्याचं पाणी बंद, नाल्याकाठचा आणि धुराखालचा चारा बंद, गंजीचा बाहेरचा थर बाजूला, जुन्या बॅटऱ्या, ऑइलचे डबे, रंगाचे डबे गोठ्यातनं बाहेर. मूळ बंद झालं की दुधातलं शिसं काही आठवड्यांत उतरायला लागतं, चरबीत साठलेली केमिकल उतरायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून चारा बदलला आणि आठवड्यानं तपासून "अजून आहेच" म्हणून हात टेकू नका. महिन्याला एक बाटली, तेच जनावर, तीच लॅब, तीच पद्धत, आणि दर वेळी तुलनेच्या गोठ्याची बाटली सोबत. सलग तीन वेळा आकडा मर्यादेच्या खाली आला की दूध परत केंद्रावर सुरू करायला हरकत नाही, पण पुढचा मे महिना आला की त्या गोठ्याचा नमुना सगळ्यात आधी घ्या.